क्वेडलिंबुर्ग : हार्त्स पर्वताच्या पायथ्याचें नगर व त्याचें विखुरलेलें दप्तर

जुना कागद हातीं आला म्हणजे संशोधक प्रथम त्यांत काय लिहिलें आहे तें पाहतो. तो कागद कोठें होता, कोणाच्या ताब्यांत होता व तेथून कसा निघाला, ही चौकशी बहुधा मागाहून होते. कित्येक वेळां होतच नाहीं. वस्तुतः कागदाचें स्थान हा त्याच्या साक्षीचाच एक भाग असतो. हें तत्त्व बोलावयास सोपें असलें तरी त्याचें पुरतें प्रत्यंतर देणारीं स्थळें थोडीं. जर्मनींतील हार्त्स पर्वताच्या उत्तर पायथ्याकडे वसलेलें क्वेडलिंबुर्ग हें नगर अशा स्थळांपैकीं एक होय.

दहाव्या शतकांत हें जर्मन राजांचें आवडतें ठिकाण होतें. पुढें साडेआठशें वर्षांहून अधिक काळ येथें एका स्त्रीमठाचें संस्थान नांदलें. या नगरानें निर्माण केलेल्या व जपलेल्या लेखनापैकीं कांहीं पानें वह्यांच्या बांधणींत कापलीं गेलीं, एक ग्रंथ केवळ एका उत्तरकालीन नकलेनें वांचला, आणि दोन अमोल पोथ्या महायुद्धाच्या शेवटीं चोरीस जाऊन समुद्रापलीकडे चार तपांजवळ दडून राहिल्या. प्रस्तुत लेखांत नगराचा भूगोल व इतिहास थोडक्यांत देऊन, त्या दोहोंवांचून तेथील साधनांचा अर्थ कां लागत नाहीं, हें दाखविण्याचें योजिलें आहे.

१. स्थलवर्णन

उत्तर जर्मनीच्या सपाट प्रदेशांतून दक्षिणेकडे येऊं लागलें म्हणजे हार्त्स पर्वत एकाएकीं समोर उभा राहतो. त्याची लांबी वायव्येकडून आग्नेयीकडे सुमारें ११० किलोमीटर व रुंदी ३० ते ४० किलोमीटर आहे. ब्रोकेन हें त्याचें सर्वांत उंच शिखर १,१४१ मीटर आहे. ही उंची आपल्या सह्याद्रीच्या मानानें फार नव्हे; परंतु भोंवतालचा मुलूख सखल असल्यामुळें पर्वताचा उत्तर कडा भिंतीसारखा भासतो. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीनेंही ही एक भिंतच आहे. येथें पृथ्वीच्या कवचास मोठा भंग पडून प्राचीन खडकांचा ठोकळा वर लोटला गेला, व त्याच्या कडेचे, मुळांत आडवे असलेले नवीन खडकांचे थर वांकून जवळजवळ उभे झाले. त्या उभ्या थरांतील मऊ भाग झिजून गेला व कठीण वालुकाश्म शिल्लक राहिला. बालेनश्टेट् पासून ब्लांकेनबुर्ग पर्यंत सुमारें २० किलोमीटर तुटकपणें दिसणाऱ्या या दगडी रांगेस लोक 'सैतानाची भिंत' म्हणतात.

ब्रोकेनच्या बाजूस उगम पावणारी बोडे नदी खोल दरींतून वाट काढीत थाले या गांवापाशीं पर्वताबाहेर पडते. तेथून सुमारें दहा किलोमीटरांवर, नदीचें पात्र जेथें सखल व शांत होतें, तेथें क्वेडलिंबुर्ग आहे. पुढें ही नदी साले नदीस व तिच्या द्वारें एल्बेस मिळते. नगराच्या नैर्ऋत्य अंगास वालुकाश्माच्या लहान टेकड्या आहेत. त्यांपैकीं एकीवर राजदुर्ग व मठाचें मंदिर उभें असून तीस दुर्गटेकडी म्हणतात. तिच्या शेजारीं म्युन्त्सेनबेर्ग ही दुसरी टेकडी आहे. दुर्गटेकडीची भोंवतालच्या भूमीपासूनची उंची फारशी नाहीं. परंतु नदीकांठच्या ओलसर सपाटीवर पहारा ठेवण्यास ती पुरेशी होती.

हवामानाचा विचारही अवश्य आहे. पश्चिमेकडील वाऱ्यांनीं आणलेला पाऊस पर्वतावर पडून जातो. ब्रोकेनवर वर्षास सुमारें १,८०० मिलिमीटर पाऊस पडत असतां क्वेडलिंबुर्ग येथें तो ५०० मिलिमीटरांहूनही कमी असतो. घाटमाथा व त्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेचा प्रदेश यांत जो भेद आपल्या परिचयाचा आहे, त्याच जातीचा हा भेद होय. मात्र येथील जमीन वाऱ्यानें वाहून आणलेल्या सूक्ष्म गाळाची व अत्यंत सुपीक आहे. वर रान, शिकार, लांकूड व धातु. खालीं धान्याचीं शेतें. आणि दोहोंच्या सांध्यावरून पूर्व-पश्चिम जाणारा पायथ्याचा मार्ग. अशी ही रचना. येथें राजघराण्याची शेती व निवासस्थान व्हावें यांत आश्चर्य नाहीं. एकोणिसाव्या शतकांत याच कोरड्या हवेच्या व सुपीक भूमीच्या बळावर फुलांचें व साखरबीटाचें बीं पैदा करण्याचा मोठा धंदा येथें भरभराटला. कारणें तींच राहिलीं, कार्य मात्र काळाप्रमाणें बदललें.

भूमि व इतिहास यांचा हा संबंध ज्यानें शास्त्ररूपानें मांडला, तो कार्ल रिटर याच नगरांत १७७९ सालीं जन्मला होता. बर्लिनच्या विद्यापीठांत १८२० पासून भूगोलाचें अध्यापन करणाऱ्या या पंडितानें आपल्या विस्तृत ग्रंथाच्या आशियाविषयक भागांत हिंदुस्थानाच्या भूगोलाचाही परामर्श घेतला आहे.

२. राजा व दुर्ग

क्वेडलिंबुर्गचा लेखांतील पहिला उल्लेख २२ एप्रिल ९२२ च्या राजपत्रांत येतो. तें राजपत्र पहिल्या हाइनरिख राजाचें होय. हा साक्सन घराण्यांतील सरदार ९१९ सालीं राजपदीं निवडला गेला. निवडीची वार्ता घेऊन दूत आले तेव्हां तो पांखरें पकडण्यांत गुंतला होता, अशी दंतकथा आहे; दुर्गटेकडीच्या पायथ्याशीं ती जागाही दाखवितात. परंतु हाच मान सांगणारीं दुसरींही स्थळें हार्त्सच्या आसपास आहेत. तेव्हां ही कथा राजाच्या लोकप्रियतेचा पुरावा मानावी, स्थळाचा मानूं नये.

हाइनरिखाच्या वेळीं पूर्वेकडून मग्यार घोडेस्वारांच्या धाडी येत असत. त्यानें ९२६ मध्यें त्यांच्याशीं तह करून उसंत मिळविली, त्या अवधींत गढ्या बळकट केल्या, व ९३३ त त्यांचा पराभव केला. ९२९ सालीं त्यानें आपली राणी माटिल्डे हिला वैधव्यांतील निर्वाहासाठीं जीं स्थळें लावून दिलीं त्यांत क्वेडलिंबुर्ग होतें. २ जुलै ९३६ रोजीं राजा मेमलेबेन येथें वारला. त्याचें शव क्वेडलिंबुर्ग येथें आणून दुर्गावरील मंदिरांत पुरण्यांत आलें. राणीनें पतीच्या समाधीपाशीं स्त्रियांचा मठ स्थापण्याचें ठरविलें, व तिचा पुत्र पहिला ओटो यानें राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांनीं, १३ सप्टेंबर ९३६ रोजीं, त्या मठास सनद दिली. राणी ९६८ त निवर्तली व पतीच्या शेजारीं पुरली गेली.

त्या काळच्या जर्मन राज्यास राजधानी नव्हती, ही गोष्ट येथें ध्यानांत ठेविली पाहिजे. राजा आपल्या परिवारासह सदैव फिरत असे. जेथें धान्याचा सांठा असेल तेथें मुक्काम करावा, न्याय द्यावा, सनदा कराव्या, व पुढें निघावें, अशी राज्य करण्याची रीति होती. अशा फिरत्या राज्यांत वर्षाच्या मोठ्या सणांचे मुक्काम हेच स्थिर बिंदु होत. साक्सन राजांनीं ईस्टरच्या सणासाठीं क्वेडलिंबुर्ग पसंत केलें होतें. ९७३ सालच्या ईस्टरला वृद्ध सम्राट् ओटो यानें येथें भरविलेल्या दरबारास ग्रीक, हंगेरियन, बल्गेरियन, डेन व स्लाव लोकांचे वकील आले होते. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं, ७ मे रोजीं, तोही मेमलेबेन येथेंच मरण पावला.

या स्थळाची प्रतिष्ठा ९८४ सालच्या प्रसंगानें कळून येते. दुसरा ओटो मरण पावल्यावर त्याचा तीन वर्षांचा मुलगा, तिसरा ओटो, हा बव्हेरियाच्या पदच्युत ड्यूक हाइनरिखाच्या हातीं सांपडला. त्या ड्यूकानें स्वतःस राजा म्हणवून घेण्यासाठीं नेमका क्वेडलिंबुर्गचा ईस्टर निवडला. राज्यापहार करणाऱ्यासही जुन्या राजाच्या समाधीची साक्ष हवी होती! त्याच वर्षीं त्यास मूल परत द्यावें लागलें. आणि ९८६ च्या ईस्टरला याच ठिकाणीं चार ड्यूकांनीं बालराजाच्या पंक्तीस सेवा केली. त्यांत तो पराभूत हाइनरिखही होता.

अकराव्या शतकांत राजांचें लक्ष पश्चिमेकडील गोस्लारकडे वळलें. तेंही हार्त्सच्या पायथ्याचेंच नगर. परंतु त्याच्या लगत राम्मेल्सबेर्गची खाण होती, व तींत चांदी निघत होती. एका पायथ्याचें धान्य व शिकार यांवर दुसऱ्या पायथ्याच्या चांदीनें मात केली. क्वेडलिंबुर्गचें राजकीय महत्त्व ओसरूं लागलें; मठ मात्र टिकला.

३. स्त्रीमठाचें संस्थान

या मठाचें स्वरूप नीट समजून घेतलें पाहिजे. येथील स्त्रिया उच्च कुळांतील असत. अध्यक्षेखेरीज इतर स्त्रिया जन्मभराच्या व्रतानें बांधलेल्या नसत. त्यांस स्वतःची मालमत्ता ठेवतां येई व मठ सोडून विवाहही करतां येई. मृत राजे व त्यांचे आप्त यांच्यासाठीं प्रार्थना करणें, पुण्यतिथ्या पाळणें व मुलींस शिक्षण देणें हीं त्यांचीं मुख्य कर्तव्यें होतीं. पुण्यतिथ्या पाळावयाच्या म्हणजे नांवें व तिथी लिहून ठेवणें आलें. आणि नांवें व तिथी लिहिणाऱ्या संस्थेंत इतिहासलेखन आपोआप उगवतें.

पहिली अध्यक्षा माटिल्डे ही पहिल्या ओटोची कन्या. ती ९६६ त अध्यक्षा झाली. तिसरा ओटो ९९७ त इटलींत गेला तेव्हां त्यानें राज्याचा कारभार या आपल्या आत्याच्या हवालीं केला. २३ नोव्हेंबर ९९४ च्या राजपत्रानें मठास बाजार भरविण्याचा, नाणीं पाडण्याचा व जकात घेण्याचा हक्क मिळाला. क्वेडलिंबुर्ग शहराचा उदय या सनदेपासून धरतात. ९९९ त माटिल्डे वारल्यावर तिची भाची आडेलहाइड अध्यक्षा झाली. पुढें अध्यक्षा ही साम्राज्याच्या थेट आधीन असणारी संस्थानाधिपति गणली जाऊं लागली.

मंदिराची सध्यांची इमारत १०७० च्या आगीनंतर बांधिलेली असून ती ११२९ त प्रतिष्ठित झाली. तिच्या तळघरांतील समाधिशिलांवर अध्यक्षांच्या प्रतिमा व लेख कोरलेले आहेत. १२०० च्या सुमारास आग्नेस नांवाच्या अध्यक्षेच्या काळीं येथें एक प्रचंड गालिचा विणला गेला. मार्टियानुस कापेला या प्राचीन लॅटिन ग्रंथकारानें वर्णिलेला विद्यादेवतेचा विवाह हा त्याचा विषय. एका मठांतील स्त्रियांनीं असा विषय निवडावा, यावरून तेथील ग्रंथसंग्रहाची कल्पना येते. उत्तरकाळीं या गालिच्याचे तुकडे झाले; त्यांपैकीं पांच शिल्लक आहेत.

४. मठांतील लेखन

साक्सन लोकांचा इतिहास लिहिणारा कोर्वायचा विडुकिंड यानें आपला ग्रंथ या मठाच्या माटिल्डेसच अर्पण केला. मेर्सेबुर्गचा बिशप थीटमार, ज्याची बखर त्या युगाचें प्रमुख साधन मानितात, तो बालपणीं क्वेडलिंबुर्ग येथें आपल्या आप्त स्त्रीजवळ वाढला होता. परंतु सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे मठांतच, अकराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत रचलेली, 'क्वेडलिंबुर्गची वर्षवार बखर' होय. तिचा कर्ता अनामिक आहे. तो मठांतील एखादी स्त्रीच असावी असें विद्वान् मानितात, आणि ग्रंथांतील राजघराण्याविषयींची आपुलकी व अध्यक्षांच्या कारभाराचा सूक्ष्म तपशील पाहतां तें पटण्यासारखें आहे.

या बखरींत १००९ सालाखालीं ब्रूनो नामक धर्मोपदेशक रूस व लिथुएनिया यांच्या सीमेवर मारला गेल्याची नोंद आहे. लिथुएनिया या देशाचें नांव कोणत्याही ज्ञात लेखांत प्रथम येतें तें येथें. त्या राष्ट्रानें २००९ सालीं आपल्या नामोल्लेखाची सहस्रवार्षिकी साजरी केली, ती शेंकडों कोस दूरच्या एका डोंगरपायथ्याच्या मठांतील एका वाक्याच्या आधारें.

आणि हें वाक्य किती बारीक धाग्यावर लोंबकळत आलें, तें पहा. बखरीची मूळ पोथी नष्ट झाली आहे. सोळाव्या शतकांत केलेली एकच नकल ड्रेस्डेन येथें उरली असून तींत मधूनमधून अनेक वर्षें गाळलेलीं आहेत. पांचशें वर्षांनंतरची सदोष नकल म्हणून ती कोणी टाकून दिली असती, तर सबंध ग्रंथच गेला असता. तिच्या आधारें २००४ सालीं बखरीची चिकित्सक आवृत्ति निघाली. थीटमारच्या बखरीची कथा याच्या उलट व तितकीच बोधप्रद आहे. तिची मूळ पोथी, ज्यावर स्वतः ग्रंथकाराचा हात फिरला होता, ती ड्रेस्डेन येथें सुरक्षित होती; १९४५ सालीं तिची अतोनात नासाडी झाली. सुदैवानें १९०५ सालीं तिच्या पानांची छायाचित्रित प्रतिकृति प्रसिद्ध झाली होती. आज अभ्यासकांस बव्हंशीं तिच्यावरच विसंबावें लागतें.

५. नगर व मठ यांचा झगडा

बाजाराच्या सनदेमुळें दुर्गाखालीं जुनें शहर वाढलें. त्याच्या पूर्वेस नवें शहर वसविण्यांत आलें. १३३० त दोन्ही एक झालीं. १४२६ त नगर हान्सा या व्यापारी संघांत सामील झालें, व स्वातंत्र्याचें चिन्ह म्हणून चौकांत रोलांड वीराचा पाषाणी पुतळा उभा राहिला. नगर आपणांस स्वतंत्र समजूं लागलें. मठाधिपतीस तर तें आपलें इनाम वाटे. अखेर १४७७ सालीं अध्यक्षा हेडविग हिनें आपल्या साक्सनीच्या राजपुत्र बंधूंचें सैन्य आणवून नगर जिंकलें. पुतळा पाडण्यांत आला, व नगरास हान्साचा संबंध तोडावा लागला. पुतळा पुन्हां उभा राहिला तो १८६९ त, जेव्हां मठही उरला नव्हता व हान्साही उरला नव्हता.

१५३९ सालीं येथें धर्मसुधारणा होऊन मठ प्रोटेस्टंट झाला, तथापि मोडला नाहीं. १६९८ त त्याचें रक्षकपद साक्सनीनें ब्रांडेनबुर्गास विकलें. १७५६ पासून १७८७ पर्यंत प्रशियाच्या फ्रीड्रिख राजाची बहीण आना आमालिया ही अध्यक्षा होती. १८०३ सालीं मठसंस्थान खालसा होऊन प्रशियांत विलीन झालें. याच नगराच्या डोरोथेआ एर्क्सलेबेन हिनें १७५४ त हाले विद्यापीठाची वैद्यकाची पदवी मिळविली; असा मान मिळविणारी ती पहिली जर्मन स्त्री होय. कवि क्लोप्श्टोकही येथेंच १७२४ त जन्मला.

संशोधकांनीं विशेष लक्षांत ठेवावी अशी गोष्ट म्हणजे, खालसा होण्यापूर्वीं एकूणचाळीस वर्षें, १७६४ सालीं, आन्टोन उलरिख फॉन एराट यानें मठाच्या सनदा व राजपत्रें एका मोठ्या ग्रंथांत छापविलीं होतीं. संस्थान जिवंत असतां, दप्तर जागच्या जागीं असतां केलेलें हें काम आहे. पुढें दप्तर तेथून हललें, तरी त्याची मूळ मांडणी या ग्रंथामुळें अभ्यासकांच्या हातीं राहिली.

६. बांधणींतून निघालेलीं पानें

१८६५ सालीं क्वेडलिंबुर्ग येथें जुन्या वह्यांच्या बांधणींत वापरलेलीं चित्रित चर्मपत्रें आढळलीं. पुढें १८८७ पर्यंत आणखी कांहीं पानें मिळालीं. तीं जुळवून पाहतां असें ठरलें कीं, हा पांचव्या शतकाच्या पूर्वार्धांतील बायबलच्या एका पोथीचा अवशेष आहे. तींतील लॅटिन भाषांतर जेरोमच्या सर्वमान्य भाषांतरापूर्वींचें असून, चित्रें असलेली बायबलची याहून जुनी पोथी उपलब्ध नाहीं. 'क्वेडलिंबुर्गची इटाला' या नांवानें विख्यात असलेलीं हीं पानें, संख्येनें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं, आज बर्लिनच्या ग्रंथालयांत आहेत.

ही पोथी बहुधा रोम येथें तयार झाली होती. सतराव्या शतकांत बांधणी करणाऱ्या कारागिरास तिचें महत्त्व ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. त्याला चिवट चर्मपत्र हवें होतें, तें त्यानें कापलें. यांत एक विलक्षण योगायोग झाला. घासटून व चिकटून चित्रांचा रंग ठिकठिकाणीं गळाला, आणि रंगाखालीं लपलेल्या ओळी उघड्या पडल्या. चित्रकारानें कोणता प्रसंग कसा रेखाटावा, कोणती व्यक्ति कोठें उभी करावी, याविषयींच्या त्या सूचना होत्या. पोथी धड राहिली असती तर प्राचीन चित्रशाळेचें हें अंतरंग कदाचित् कधींच दिसलें नसतें. नाशानें ज्ञान दिलें, म्हणून नाश इष्ट ठरत नाहीं. पण नासक्या पानाकडेही किती बारकाईनें पाहिलें पाहिजे, हें यावरून कळतें.

पानें जर क्वेडलिंबुर्ग येथें न सांपडतां एखाद्या विक्रेत्याच्या पेटींतून सुटीं मिळालीं असतीं, तर काय झालें असतें? अक्षरवटिकेवरून त्यांचा काळ सांगतां आला असता. परंतु इतका प्राचीन ग्रंथ साक्सन राजांच्या मठाच्या आश्रयास आला होता, हा इतिहास मात्र सर्वथा हरवला असता. तो पानांतील अक्षरांत नाहीं; तो पानें जेथें मिळालीं त्या स्थळांत आहे.

७. राजाच्या अस्थि

साधनांचा अपहार जसा होतो तसें त्यांचें खोटें निर्माणही होतें. हाइनरिख राजाची मूळ समाधि रिकामी आहे. राणी माटिल्डेची शवपेटी मात्र जाग्यावर आहे. १९३६ सालीं राजाच्या मृत्यूस हजार वर्षें झालीं तेव्हां नात्सी सत्तेच्या सशस्त्र दलाचा प्रमुख हिमलर यानें येथें मोठा समारंभ केला, व पुढें मंदिर धर्ममंडळाकडून काढून घेऊन त्यास आपल्या पंथाचें स्मारक बनविलें. १९३७ त, त्याच्या माणसांनीं केलेल्या उत्खननांत राजाच्या अस्थि सांपडल्या असें जाहीर करून त्या थाटानें पुन्हां पुरण्यांत आल्या. हा दावा टिकला नाहीं. निष्कर्ष आधीं ठरवून खणूं लागलें म्हणजे हवी ती वस्तु सांपडते. ती इतिहासाच्या उपयोगाची मात्र नसते.

८. दोन पोथ्यांचा वनवास

मठाच्या भांडारांत दोन पोथ्या विशेष मोलाच्या होत्या. पहिली नवव्या शतकांतील शुभवर्तमानांची सुवर्णाक्षरी पोथी. तींत लेखकानें आपलें नांव सामुहेल असें दिलें असल्यामुळें ती त्याच नांवानें ओळखतात. तिचें वेष्टन रत्नजडित आहे. दुसरी १५१३ सालची. महायुद्धांत या व इतर वस्तु नगराजवळील एका गुहेंत सुरक्षिततेसाठीं ठेविल्या होत्या. एप्रिल १९४५ त अमेरिकन सैन्य नगरांत शिरलें, व गुहेवर पहारा बसला. त्या वेळीं जो मीडर नांवाच्या अमेरिकन अधिकाऱ्यानें बारा वस्तु काढून घेऊन सैनिकी टपालानें टेक्सासमधील आपल्या घरीं धाडल्या. तो १९८० त मरण पावला. त्याच्या वारसांनीं पोथ्या विकावयास काढल्या तेव्हां सुगावा लागला, व १९९० सालीं सर्व प्रकार वृत्तपत्रांतून उघडकीस आला. जर्मन प्रांतांच्या सांस्कृतिक निधीनें वारसांस मोठी रक्कम देऊन वस्तु परत मिळविल्या. १९९३ त दहा वस्तु मंदिराच्या भांडारांत आपल्या जागीं आल्या. दोन अद्याप सांपडल्या नाहींत.

चोरीच्या मालाबद्दल पैसे द्यावे काय, यावर तेव्हां बराच वाद झाला. न्यायाच्या दृष्टीनें ही देवघेव बोंचणारी आहे, यांत शंका नाहीं. दुसऱ्या पक्षीं, न्यायालयांत वर्षें गेलीं असतीं, किंवा भिऊन वारसांनीं पोथ्यांचीं पानें सुटीं करून विकलीं असतीं, तर न्याय मिळूनही पोथी मिळाली नसती. या वादाचा निकाल प्रत्येकानें आपल्या मतें लावावा. परंतु एक मुद्दा वादातीत आहे. चोरलेली पोथी तीस-चाळीस वर्षें लपून राहते, ती विकत घेणारा कोणी तरी 'ही आली कोठून' हा प्रश्न टाळील या भरंवशावरच. संग्राहकानें तो प्रश्न विचारण्याचा परिपाठ ठेवला, तर चोराचा बाजार तेथेंच बसतो.

९. उपसंहार

महायुद्धांत क्वेडलिंबुर्गची फारशी नासधूस झाली नाहीं. त्यानंतर पूर्व जर्मनीच्या राजवटींत, १९४९ पासून १९९० पर्यंत, डागडुजीच्या अभावीं जुनीं घरें जीर्ण झालीं व कांहीं पाडलीं गेलीं. तथापि लांकडी सांगाड्याचीं तेराशेंहून अधिक घरें वांचलीं. त्यांत चौदाव्या शतकांतील एक घरही आहे. १९९४ सालीं मंदिर, दुर्ग व जुनें शहर यांचा जागतिक वारशांत समावेश झाला. पर्वतानें पाऊस अडवावा, पायथ्यानें धान्य द्यावें, धान्यानें राजा आणावा, राजाच्या समाधीनें मठ उभा करावा, आणि मठानें लेखन जपावें, अशी ही कार्यकारणांची सांखळी त्या स्थळीं जाणाऱ्यास अजून एका दृष्टिक्षेपांत दिसते.

या वृत्तान्तावरून संग्राहकांनीं घ्यावयाच्या गोष्टी थोड्या, पण व्यवहाराच्या आहेत. पोथी अथवा रुमाल ताब्यांत घेतांना गांव, घर, मालक व कागदांचा मूळ अनुक्रम यांची टिपणें त्याच दिवशीं करावीं. जुन्या वह्यांचे पुठ्ठे, आंतील अस्तराचीं पानें व वेष्टनें टाकून देऊं नयेत. तीं सोडवावयाचीं तर जाणत्याच्या हातून. उत्तरकालीन नकल मिळाली तर मूळ मिळेपर्यंत तिला मुळाचाच मान द्यावा. मूळ मिळालें असेल तर त्याचीं छायाचित्रें काढून तीं दुसऱ्या गांवीं ठेवावीं. आणि ज्या वस्तूचा पूर्ववृत्तान्त विक्रेता सांगत नाहीं, ती कितीही सुंदर असली तरी पूर्ववृत्तान्त मिळेपर्यंत घेऊं नये. सामुहेलची पोथी टेक्सासमध्येंही सुवर्णाक्षरीच होती; पण तेथें तिचें मोल फक्त सोन्याचें व रत्नांचें होतें. राजाच्या समाधीशेजारच्या भांडारांत परतल्यावर ती पुन्हां इतिहासाचें साधन झाली.